टायर बारा, सल्ले छत्तीस

आपल्याकडे यंत्रांनाही नशीब लागतं. जेसीबीचं नशीब बघा. २०१९च्या मे महिन्यात ‘जेसीबी की खुदाई’वरून देशभर विनोदांचा पूर आला, पण मराठी माणसाला त्यात काही नवल वाटलं नाही. रस्त्याच्या कडेला जेसीबी खणायला लागला की हातातली पिशवी खाली ठेवून बघत उभं राहायचं, हे आपण त्याच्या कितीतरी आधीपासून करत आलो आहोत. निवडणुकीचा निकाल लागला की गुलाल उधळायला जेसीबी. साहेबांचा वाढदिवस आला की फुलं उधळायला जेसीबी. आणि डंपर? जेसीबीनं उकरलेला ढिगारा निमूटपणे पाठीवर घेऊन आठ-दहा किलोमीटरवर नेऊन टाकणारा डंपर कुणाच्या मिरवणुकीत दिसला आहे का? त्याच्याकडे लोकांचं लक्ष दोनच वेळा जातं. एक, घाटात तो आपल्या पुढे असतो तेव्हा. दुसरं, साइटवर कोणता डंपर बोलवायचा हे ठरवायचं असतं तेव्हा.

या दुसऱ्या वेळी मात्र घरातला प्रत्येक माणूस तज्ज्ञ होतो.

समजा तालुक्याच्या गावी कुणी घर बांधायला काढलं आहे. जोतं उभं राहिलं, आता आत मुरमाचा भराव घालायचा. मालक चहाच्या वेळी सहज बोलून जातो, “मुरूम मागवायला पाहिजे.” एवढं पुरतं. मामा कप खाली ठेवतात. “सरळ बारा टायरी बोलव. एका खेपेत विषय संपला.” काका मान हलवतात, कारण मामा जे म्हणतील त्याला मान हलवायची त्यांची जुनी पद्धत आहे, आडवी. “बारा टायरी वळणार कुठं? दहा टायरी बघ.” मिस्त्री लांबून ओरडतो, “दादा, ट्रॉल्याच लावा. माझ्या ओळखीत ट्रॅक्टर आहे.” ट्रॅक्टर त्याच्या ओळखीत नसून त्याच्या मेव्हण्याचा असतो, पण तेही ओळखीतच येतं म्हणा. एवढ्यात शहरातून सुट्टीला आलेला पुतण्या मोबाइल पुढे करतो. “काका, आता सोळा टायरी आलाय. हा बघा.”

या सगळ्या चर्चेत चार प्रश्न कुणीच विचारत नाही. मुरूम किती लागणार? तो भरणार कशानं? येणार कुठल्या रस्त्यानं? आणि आल्यावर ओतायचा कुठं? डंपरची निवड आपल्याकडे टायर मोजून होते. टायर जितके जास्त तितका मालक मोठा. बंगला पुढच्या दिवाळीला झाला तरी चालेल, पण दारात बारा टायरी उभा राहिलेला भावकीनं बघितला पाहिजे.

आता हिशेबाकडे वळू. हिशेब म्हटलं की ब्रास आला. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, मेट्रिकमध्ये २.८३ घनमीटर. शाळेत मेट्रिक शिकून, इंजिनिअरिंगला पुन्हा मेट्रिक शिकून माणूस साइटवर येतो आणि पहिल्याच दिवशी ब्रासमध्ये बोलू लागतो. बांधकामावर ब्रासशिवाय पान हलत नाही. अडचण एवढीच की ब्रास सगळ्यांचा एक असला तरी प्रत्येकाचा वेगळा असतो.

जमिनीतून उकरलेली माती फुगते. जागेवर दहा ब्रास असलेली माती उकरून डंपरमध्ये टाकली की बारा-तेरा ब्रास होते. उलट, आणलेला मुरूम पाणी मारून, धुम्मस करून बसवला की आवळतो. ही निसर्गाची साधी रीत आहे, पण तिचा खरा अभ्यास कंत्राटदारांनी केला आहे. खोदाईचं बिल लावायचं असेल तेव्हा ते हौद्यात फुगलेला माल मोजतात. भरावाचा माल विकायचा असेल तेव्हाही ते हौद्यात फुगलेलाच माल मोजतात. जागेवर बसलेला माल मोजायचा असतो ही गोष्ट फक्त मालकाला आठवते, तीही बिल दिल्यावर.

शिवाय शीग असते. धान्याच्या मापाची शीग गेली, पायली गेली, अधोली गेली, पण डंपरवरची शीग अजून शाबूत आहे. खाणीवर हौदा कठड्याच्या वर फूटभर शिगोशीग भरलेला असतो. तिथून साइटपर्यंतच्या रस्त्यावर शासनानं जे खड्डे राखून ठेवलेले असतात, त्यांत आदळत आदळत माल बसतो आणि दारात येईपर्यंत शीग गायब. थोडी रस्त्यावर सांडते, थोडी मागच्या दुचाकीस्वाराच्या डोळ्यांत जाते. मालक टेप घेऊन चढतो. चौदा फूट लांब, साडेसात फूट रुंद, चार फूट उंच. चारशेवीस घनफूट, म्हणजे चार पूर्णांक दोन ब्रास. ड्रायव्हर म्हणतो पाच. दोघांचा वाद साडेचारवर मिटतो. भूमितीचे प्रश्न तडजोडीनं सोडवणारी दुसरी जागा माझ्या पाहण्यात नाही.

पण खरी गंमत मापात नाही, वजनात आहे. एक ब्रास कोरडा मुरूम किंवा वाळू साधारण साडेचार टन भरते. ओली असेल तर पाचाच्या वर. आता गाड्या बघा. सहा टायरी म्हणजे दोन आसांची गाडी. २०१८च्या जुलैत केंद्रानं आसांवरच्या वजनाची मर्यादा वाढवली तेव्हापासून मालासकट तिचं वजन साडेअठरा टनांपर्यंत चालतं. तीन आसांच्या दहा टायरीचं साडेअठ्ठावीस. बारा टायरीत पुढे दोन आस, त्यांची चार चाकं, मागे दोन आस, त्यांची आठ. तिचं एकूण वजन पस्तीस टनांच्या आसपास. यातून रिकाम्या गाडीचं वजन वजा करा. सहा टायरीत मालासाठी अकरा-बारा टन उरतात, दहा टायरीत सोळा-सतरा, बारा टायरीत एकवीस-बावीस. ब्रासमध्ये सांगायचं तर अडीच, पावणेचार आणि पावणेपाच.

हे आकडे खाणीवर सांगून बघा. लोक हसतील. तिथले आकडे तीन, पाच आणि सात असतात, आणि “सात बसतो का हो?” असं विचारलं तर उत्तर येतं, “आपण बसवतो.”

आता मामांचा ‘एका खेपेत विषय संपला’ तपासून बघू. तीस बाय चाळीसचं जोतं, तीन फूट भराव. छत्तीसशे घनफूट, छत्तीस ब्रास. ठोकून छत्तीस बसवायचा तर सुटा पंचेचाळीस ब्रास तरी आणावा लागेल. सहा टायरीच्या अठरा खेपा. दहा टायरीच्या बारा. बारा टायरीच्या साडेनऊ. म्हणजे मामांच्या बारा टायरीनं काकांच्या दहा टायरीच्या जेमतेम दोन-तीन खेपा वाचतात. त्या दोन-तीन खेपांसाठी कुंपणाची भिंत पाडावी लागणार असेल, तर ती भिंत पुन्हा बांधायला वाळू लागेल, आणि वाळू आणायला कोणता डंपर बोलवायचा यावर पुन्हा चहा होईल.

पुतण्याच्या सोळा टायरीचंही बघायला हवं, पोरगं हिरमुसायला नको. टाटांनी २०२० साली ‘सिग्ना ४८२५’ हा सोळा टायरी टिपर आणला. एकूण वजन साडेसत्तेचाळीस टन, हौदा २९ घनमीटर. गाडीच्या नावातच तिची कुंडली असते: पहिले दोन आकडे एकूण वजनाचे टन, पुढचे दोन दहानं गुणले की अश्वशक्ती. २८२५ म्हणजे अठ्ठावीस टन, अडीचशे अश्वशक्ती. गावात मात्र हा आकडा लकी नंबर म्हणून वाचला जातो. तर २९ घनमीटर म्हणजे दहा ब्रासच्या वर. पुतण्या म्हणतो, “बघा, दहा ब्रास!” पण दहा ब्रास मुरूम म्हणजे पंचेचाळीस टन, आणि गाडीची माल वाहायची ताकद तीस-एकतीस टनांची. एवढा मोठा हौदा असतो तो कोळशासारख्या हलक्या मालासाठी. हौद्यात मावतं तेवढं सगळं भरायचं नसतं. हे तत्त्व ताटालाही लागू आहे, पण लग्नाच्या पंगतीत आणि मुरमाच्या खाणीत ते कुणाला पटवता येत नाही.

इथे मामा शेवटचं अस्त्र काढतात. “रशियाकडं एक डंपर आहे म्हणे, डोंगरच उचलतो.” मामा थोडक्यात चुकले, तो बेलारूसचा आहे. ‘बेलाझ ७५७१०’ हा २०१३ साली आलेला खाणीतला डंपर एका खेपेत ४५० टन माल नेतो. आपल्या भाषेत शंभर ब्रास. मामांचं जोतं तो अर्धाच भरला तरी बुजून जाईल, आणि रिकामा करताना मागे सरकला तर जोत्यासकट मामाही. हे अजस्र डंपर सार्वजनिक रस्त्यावर येतच नाहीत. त्यांचे सुटे भाग खाणीवर नेऊन तिथे जोडतात आणि ते खाणीतच राबतात. आपल्या चंद्रपूरकडच्या कोळशाच्या उघड्या खाणींतले डंपर त्या मानानं लहान, तरी त्यांच्याही चाकापुढे उभं राहून फोटो काढला की आपण फोटोत चुकून आलेले वाटतो.

तेव्हा आकार ठरवायचा तो भरणाऱ्या यंत्राकडे बघून. जाणत्यांचा ठोकताळा असा, की चार ते सहा बकेटांत गाडी भरली पाहिजे. त्याहून कमी लागली तर बकेट मोठं आणि गाडी लहान. प्रत्येक बकेटागणिक बिचारीचे पाटे कण्हतात. फार जास्त लागली तर गाडी मोठी आणि यंत्र लहान; ड्रायव्हरची एक झोप होते. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी भरायला जेसीबीच असतो, त्याच्या पुढच्या बकेटात घनमीटरभर माल येतो. दहा टायरी तो दहा-अकरा बकेटांत भरतो, चालून जातं. तोच सोळा टायरीपुढे उभा केला की हौद्याचा कठडा इतका उंच, की बकेट वरून उलटायला जागाच उरत नाही. मग जेसीबीला उभं राहायला आधी मातीचा चढ करायचा, मग भरायचं. पोकलेन असेल तर मोठी गाडी शोभते. पण घराच्या भरावाला पोकलेन बोलावणारा माणूस अजून मामांनाही भेटलेला नाही.

मग गाड्या किती लावायच्या? याचंही गणित सोपं आहे. खाण आठ किलोमीटरवर. भरायला दहा मिनिटं, यायला वीस, ओतायला पाच, रिकामं परतायला पंधरा, एकूण पन्नास. भरायला दहा लागतात, म्हणजे पाच गाड्या लावल्या की जेसीबी थांबत नाही आणि गाड्याही थांबत नाहीत. तीनच लावल्या तर जेसीबी थांबतो. आठ लावल्या तर खाणीवरच्या बाभळीखाली रमीचा डाव बसतो. आता व्यवहार बघा. जेसीबीचं भाडं तासावर, डंपरचं खेपेवर. त्यामुळे जेसीबीवाल्याला कसलीच घाई नसते. तो तंबाखू मळतो, आरसा पुसतो, घरी फोन लावून पोरांचा अभ्यास घेतो. डंपरवाल्याला मात्र यमाला गाठायची घाई असते. गावातून जाताना डंपर असे का सुसाट धावतात, याचं बरंच उत्तर त्यांना पैसे कसे मिळतात यातच आहे. मालकांनी हे ध्यानात घेऊन खेपांचा तगादा कमी लावला, तर शाळा सुटायच्या वेळी रस्ता ओलांडणाऱ्या पोरांवर उपकार होतील.

माल कसला आहे त्यावर हौदा ठरतो, हेही पुष्कळांच्या गावी नसतं. मुरूम, वाळू, खडी, कच यांना चौकोनी पेटीसारखा हौदा आणि मागे फाळका. डबर, म्हणजे सुरुंगातून निघालेले धोंडे न्यायचे असतील तर जाड पत्र्याची ‘रॉक बॉडी’ लागते. तिला बहुधा फाळका नसतो, हौद्याचा तळच मागे वर चढलेला असतो. पातळ पत्र्याच्या वाळूच्या गाडीत डबर टाकलं की चार दिवसांत हौद्याला बाहेरून पोकं येतात. अशी पोकं आलेली गाडी ओळखायची आणि आपला माल तिच्यात मोजू द्यायचा नाही, कारण तिचा मालक पोकांचेही घनफूट लावतो.

हौदा उचलणारा जॅक कुठं आहे, तेही बघावं. जुन्या गाड्यांत तो हौद्याच्या पोटाखाली असे. आता मोठ्या गाड्यांत केबिनच्या पाठीमागे एकात एक बसणाऱ्या नळ्यांचा उंच जॅक असतो. हे जॅक बनवणारी हायवा ही मूळची हॉलंडची कंपनी. तिचं नाव इतकं रुजलं की गावाकडे गाडी कुठल्याही कंपनीची असो, तिला हायवाच म्हणतात. ज्यानं फक्त जॅक दिला त्याचं नाव आख्ख्या गाडीला, आणि ज्यानं इंजिनापासून सगळं दिलं त्याचं नाव फक्त हप्त्याच्या पासबुकात.

आता रस्ता. खाणीचा रस्ता सगळे बघतात, आपल्या दारचा कुणी बघत नाही. पुण्याच्या पेठांत जुने वाडे पाडून इमारती उठतात, तिथला राडारोडा न्यायला सहा टायरीहून मोठी गाडी बोलावणं हा स्वतःवरच उगवलेला सूड आहे. गल्लीच्या तोंडाशी स्कूटर लावलेली असते. तिचा मालक सापडत नाही, आणि सापडला तर स्कूटर काढत नाही. शहरांत गर्दीच्या वेळी जड वाहनांना बंदी, म्हणून डंपर रात्री येतो आणि पाठीमागचा भोंगा वाजवत आख्ख्या गल्लीला उठवतो. खेड्यात अडथळे वेगळे. गावाच्या तोंडाशी कुणाच्या तरी स्मरणार्थ बांधलेली कमान. ओढ्यावरची फरशी, जी बैलगाडीच्या हिशेबानं घातली आणि आता पस्तीस टनांना तोंड देते. मग वळणावर शेजारच्या आजी काठी घेऊन उभ्या. “पाव्हणं, गाडी हितनं न्यायची न्हाय. माझ्या न्हाणीची भिताड हाय.” आजींचा सर्व्हे सरकारी सर्व्हेपेक्षा अचूक असतो. न्हाणीची भिंत खरंच रस्त्यात असते, आणि तरीही शेवटी बरोबर आजीच ठरतात.

गाडी दारात आली की मागे घ्यायची. हा आपल्याकडचा सामूहिक कार्यक्रम आहे. एरवी घरात पाण्याचा तांब्या न उचलणारी माणसं डंपर मागे घ्यायला चहूबाजूंनी धावतात. एक म्हणतो “येऊ दे”, दुसरा म्हणतो “डावी मार”, तिसरा नुसताच हौद्यावर थाप मारत चालतो. “येऊ दे... येऊ दे... येऊ दे...” आणि मग धाडकन आवाज झाल्यावर, “बास!” हा ‘बास’ धडकेच्या आधी आल्याची नोंद नाही. गंमत सोडली तर डंपरच्या पाठीमागचा बराचसा भाग ड्रायव्हरला दिसतच नाही. तिथे पोरं खेळत असली तरी त्याला कळणार नाही. म्हणून खूण करणारा माणूस एकच असावा, त्यानं ड्रायव्हरला आरशात दिसेल असं बाजूला उभं राहावं, आणि बाकीच्यांनी आपलं ज्ञान चहापुरतं राखून ठेवावं.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं: ओतणं. डंपर निवडताना सगळे भरण्याचा विचार करतात. किती भरेल, कसा भरेल, कितीला भरेल. पण गाडी भरलेली असताना कधी उलटत नाही असं नाही, तरी उलटायची तिची आवडती वेळ रिकामं होण्याची. हौदा वर उचलला की मोठ्या टिपरचं टोक दुमजली घराच्या उंचीला जातं. खाली जमीन एका बाजूला कलती असेल, किंवा कालच टाकलेल्या भरावावर चाक रुतलं, तर आधी गाडी कलते, मग मामा ओरडतात, मग गाडी पडते. ओली काळी माती असेल तर ती हौद्याच्या वरच्या कोपऱ्याला चिकटून बसते. खालचा माल निघून जातो आणि वर लटकलेलं दोन टनांचं ढेकूळ गाडी आडवी करतं. मग काही बहाद्दर ड्रायव्हर हौदा वर ठेवून गाडी पुढे नेतात आणि करकचून ब्रेक मारतात. माती बहुतेक वेळा पडते. कधी कधी गाडीही पडते. हौदा जितका लांब तितका हा धोका जास्त. म्हणून कलत्या किंवा मऊ जागेवर आखूड सहा टायरी हा बारा टायरीपेक्षा शहाणा.

वर तारा आहेत का, हे तर आधी बघायचं. महावितरण २००५ सालापासून आहे, पण गावात अजून तारा एमएसईबीच्याच असतात, आणि त्या कुठे किती लोंबतात ते वायरमनलाही पडताळूनच सांगावं लागतं. हौदा वर असताना तारेला लागला तर ड्रायव्हरनं खाली उतरू नये आणि खालच्या कुणी गाडीला हात लावू नये. आधी वीज बंद करवावी. यात विनोदाला जागा नाही. ओतून झाल्यावर हौदा खाली घ्यायचा विसरून तसंच निघणाऱ्यांसाठी वाटेत ती कमान असतेच, जिच्यामुळे मग ज्यांच्या स्मरणार्थ ती बांधली त्यांचं स्मरण पुन्हा नव्यानं करावं लागतं.

पावसाळा लागला की टायरांचा सगळा अभिमान गळून पडतो. काळ्या रानात बारा टायरी गेला की बाराही टायर एकाच चिखलात. त्याला ओढायला दुसरा डंपर, तोही रुततो. मग दोघांना ओढायला जेसीबी येतो, आणि बघ्यांची गर्दी पुन्हा जेसीबीच्याच वाट्याला. अशा चिखलासाठी जगात वेगळा डंपर असतो: केबिन एकीकडे, हौदा दुसरीकडे, आणि मधे सांधा, म्हणजे खाचखळग्यांत दोन्ही भाग आपापल्या परीनं वळतात, पिळतात. स्वीडनच्या व्होल्वोनं १९६६ साली असा डंपर बाजारात आणला. किंमत ऐकली की त्यापेक्षा रान विकलेलं परवडतं. पण आपल्या शेतकऱ्यानं मधे सांधा असलेलं वाहन कधीचंच दारात आणून ठेवलं आहे. त्याला ट्रॅक्टर-ट्रॉली म्हणतात. २०१७ साली राज्यानं ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आणली, तेव्हापासून उन्हाळ्यात आटलेल्या तलावांत गाळ न्यायला ट्रॉल्यांची रांग लागते. तलावाच्या तळाशी अरुंद उतार, रानात जायला पाणंद, आणि ओतायचं ते वाफ्याच्या कडेला. अशा ठिकाणी ट्रॉली ब्रासभर नेते, पण जिथं पाहिजे तिथं नेते. मिस्त्रीचा सल्ला मेव्हण्यापोटी असेल, पण कधी कधी मेव्हण्याचंही बरोबर असतं.

कायद्याचं एक वाक्य सांगून टाकतो, कारण ते खाणीवर कुणी सांगणार नाही. केंद्राच्या मोटार वाहन कायद्यात जादा माल भरल्याचा दंड वीस हजार रुपये, वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार, आणि जादा माल आपल्याच खर्चानं उतरवून घ्यायचा. शिवाय मुरूम, वाळू हे गौण खनिज. वाहतुकीचा परवाना सोबत नसेल तर महसूल खातं गाडी अडवतं, आणि तहसीलच्या आवारात गवत उगवलेले डंपर ज्यांनी पाहिले आहेत त्यांना पुढचं सांगायला नको. परवाना कुणाच्या नावे आहे, कुठल्या खाणीचा आहे, त्यावरचे ब्रास आणि हौद्यातले ब्रास जुळतात का, एवढं मालकानं विचारावं. “सगळं सेट आहे” हे उत्तर परवाना म्हणून धरलं जात नाही.

या सगळ्यावर एक उपाय लोकांना सुचतो, तो म्हणजे भाड्याची कटकट नको, आपलाच डंपर घेऊ. महामार्गात जमीन गेली, मोबदला आला, की गावात पहिली एसयूव्ही येते आणि दुसरा डंपर. पाठीवर ‘आई-वडिलांचा आशीर्वाद’ लिहून घेतात. बँकेचा हप्ता वडिलांच्या नावावर असतो, म्हणून ते तसं खरंच असतं. रस्त्याचं काम चालू असेपर्यंत खेपाच खेपा. काम संपलं की डंपर वावरात उभा, त्याच्या सावलीत शेळ्या. गोव्यात हे फार मोठ्या प्रमाणावर घडलं: २०१८च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानं ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं आणि खनिज वाहणारे ट्रक जागच्या जागी थांबले. डंपर घेताना गाडीचं आयुष्य सगळे विचारतात. कामाचं आयुष्य विचारायला हवं.

तेव्हा घर बांधणाऱ्या, शेततळं खणणाऱ्या, विहिरीची माती हलवणाऱ्या वाचकांना एवढंच सांगणं. सल्लागारांना चहा जरूर पाजा, पण त्यांचा चहा होईपर्यंत आपण टेप घेऊन बाहेर पडा. ओतायची जागा बघा: सपाट आहे का, टणक आहे का, वर तार आहे का. मग तिथून मुख्य रस्त्यापर्यंत उलट चालत जा आणि सगळ्यात अरुंद जागा मोजा, आजींना विचारून. भरायला कोणतं यंत्र मिळणार ते ठरवा. माल ब्रासमध्ये घेतला तरी पैसे वजनकाट्याच्या पावतीवर द्या. एवढं झालं की गाडी आपोआप ठरते, आणि बहुतेक घरांच्या बाबतीत ती सहा टायरी किंवा दहा टायरीच निघते. मामा चार दिवस रुसतील. त्यांना गृहप्रवेशाला पहिल्या पंगतीत बसवा.